बाइट नव्हे, अक्षरं

बुधवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहिलं. वहिनीची कंबर कशी आहे? आमचा गीझर पुन्हा रुसलाय. बाबांची तब्येत चांगली आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतात. फोनवर तुला ठणठणीत वाटले ना, तसेच.

त्यांना काम मिळालंय, हे सांगायचं राहिलं. बसस्टँडवरच्या दिव्यांच्या पाट्यांचा प्रोग्रॅम त्यांनीच 'सी' भाषेत लिहिलेला. आता लांबलचक नावाचं गाव आलं की शेजारच्या पाटीवरही भलतीच अक्षरं उमटतात. कंपनीत त्या कोडचं कुणाला काही कळत नाही, म्हणून मॅनेजर स्वतः घरी आला. बाबा असे खुलले की काय सांगू. इस्त्रीचा शर्ट घालून रोज सकाळी टेबलाशी बसतात.

चूक साधी आहे. गावाचं नाव आणि 'अमुक मार्गे', हे दोन तुकडे जोडायचे. जोडणाऱ्या फंक्शनला आधी सांगायचं, जागा किती अक्षरांची आहे. बाबा तिथे बाइट, म्हणजे मेमरीतली घरं, मोजून देतात. या मजकुरात एकेक अक्षर चार बाइट खातं, त्यामुळे फंक्शनला जागा चौपट वाटते. ते बिनधास्त जोडत सुटतं आणि मजकूर शेजारच्या पाटीच्या जागेत सांडतो. मी शिकताना हीच चूक केली तेव्हा बाबांनी किती झापलं होतं, आठवतं? "बाइट नव्हे, अक्षरं मोज. आणि शेवटच्या शून्याला, मजकूर संपल्याच्या खुणेला, एक जागा सोड." तू दारात उभा राहून फिदीफिदी हसत होतास.

ते आंघोळीला गेले की मी दुरुस्त करते. जेवण झालं की ते पुन्हा बाइट घालतात, वर "कुणीतरी हात लावलाय" म्हणून चिडतात. सोमवारी मॅनेजर काम न्यायला येणार. माझी दुरुस्त केलेली प्रत गुपचूप देईन, तेवढं निभावेल. पण मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसतील तेव्हा काय सांगू?

आता खरं लिहिते. काल हिंमत करून त्यांच्यासमोरच चूक दाखवली. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही नवीन लागलात वाटतं," म्हणाले. मला अहो-जाहो, दादा. मग खुर्ची ओढून दिली आणि पहिल्यापासून शिकवायला बसले. उरलेली जागा कशी काढायची, बसत नसेल तर जोडायचंच नाही, सगळं अचूक. आणि शेवटी स्वतःच्या हाताने पुन्हा बाइटच लिहिले.

"घाबरू नका, जमेल," म्हणाले. "माझी मुलगी हेच काम करते. तिचं मी तपासतसुद्धा नाही."

स्वयंपाकघरात नळ सोडून रडले मी.

तुझ्याबद्दल विचारायचं ओठांवर आलं होतं. मुलगा आहे का, एवढंच. नाही विचारलं. "आहे" म्हणाले असते तर लगेच तुला फोन केला असता. दुसरं उत्तर मला एकटीला ऐकायचं नाहीये. रजा मिळत नाही हे आता पुरे कर. ये, आणि तूच विचार. खुर्ची तुलाही ओढून देतील.

बाबांच्या हाताखाली नवीन लागलेली,
तुझी ठमी