एका गार खोलीची वाटणी

मी, लुमिनादा मागसिनो, कै. तिबुर्सियो मागसिनो यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार काबानातुआन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. पाय मात्र नाहीत. दोन ओळी झाल्या की उठते आणि कुठला दिवा फुकट जळतोय ते बघून येते. कोणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर बळजबरी करणारा या गल्लीत अजून जन्माला यायचाय.

कलम १. घर मुलगी लुझ आणि मुलगा नेस्तोर यांना निम्मं निम्मं. मात्र खालची एसीची मोठी खोली वाटता येणार नाही. तिबुर्सियोने एसी घेतला तेव्हा घरात तो एकच. कडक उन्हाळा लागला की सगळे चटया घेऊन त्या खोलीत. मी भिंतीकडेला, मधे पोरं, दाराशी बाप. खोली गार झाली की तो एसी बंद करून पंखा लावायचा आणि दम भरायचा, "दार उघडेल त्याने बाहेर झोपायचं!" भांडलेल्यांनाही तिथेच पडावं लागे. रुसून जाणार कुठे, बाहेर भट्टी.

कलम २. वरच्या मजल्यावरचे दोन एसी ज्याचे त्याला. त्यांचं मी तोंड पाहणार नाही. परदेशातली नोकरी सोडून लुझ आली आणि तिने आपल्या खोलीत एसी बसवला. नेस्तोर म्हणाला, "ताई, वायर जुनी आहे, जळेल." ती म्हणाली, "तुझ्या खिशातून चालतोय का? मग गप बस." त्याने ईर्ष्येने दुसरा बसवला. दोन्ही एकदम लावले आणि वायर खरंच जळली. वायर नवी आली, पण तेव्हापासून दोघांची दारं बंद आणि बोलणंही बंद. "आई, तिला सांग, भात झालाय." मी काय टपालखातं आहे?

मोठ्या खोलीत मी एकटी. एका जिवासाठी एसी लावायला हात धजत नाही, म्हणून उकाड्यात या कुशीवरून त्या कुशीवर होते. वीज वाचते, पण मला माझी पोरं हवी आहेत.

कलम ३. इस्त्री लुझला. आठवड्याचे कपडे शनिवारी एकदमच करायचे, सारखी इस्त्री तापवायची नाही. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत हात पाण्यात घालायचे नाहीत, तापलेल्या हातांना पाणी लागलं की कंप सुटतो. त्या दिवशीची भांडी नेस्तोरने घासावीत. लहानपणी बहिणीसाठी घासायचा, कुरकुर न करता.

कलम ४. बर्फ किसायचं यंत्र शेजारच्या पोल्दोला. तसंही नेलेलं त्याने परत केलेलं नाही. पण वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला काही देता येत नाही. तेव्हा पोल्दो, सही झाली की यंत्र आणून दे.

कलम ५. माझं मयत त्याच खोलीत ठेवावं. पुरेपर्यंत लोक जागरणाला बसतील तितके दिवस घरात तोच एक एसी चालेल, वरचे बंद. मग दोघांना माझ्या दोन बाजूंना बसावंच लागेल. पण तेव्हा मला काय दिसणार? जमलं तर आधीच बसा रे.

कलम ६. हे आत्ता लिहिते आहे. साक्षीदार आले म्हणून एसी लावलाय. सही होताना वारस समोर नकोत, असं मीच ठरवलं आणि दोघांना ओसरीवरच्या बाकावर बसवलं. तिथे एकच पंखा ठेवलाय, तोही मान न वळणारा.

"सगळा वारा तुलाच!"

"ताई, तूच त्या टोकाला जाऊन बसलीस. सरक की इकडे."

"आधी घाम पूस. घोड्यासारखा वास येतोय."

"आणि तू काय, मोगरा?"

बाक करकरला. सरकली वाटतं.

पोल्दो मला खुणावतोय की दार किलकिलं राहिलंय, गार हवा वाया चाललीय. जाऊ दे. ते मीच उघडं ठेवलंय. सही जरा सावकाश करते.

लुमिनादा मागसिनो

आमच्यासमोर सही केली, पुष्कळ वेळ घेऊन:
लिओपोल्दो सिकात
क्रेसेन्सिया दिझोन
आर्तुरो पांगिलिनान

काबानातुआन, १७ एप्रिल २०२४