गावात कुणाचंच नसलेलं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. मोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी, केडगावला गेलीय. डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख दिलीय. बाळाच्या नावाचा विषय मी स्वतःच्या ताब्यात घेतला आहे.
अट एकच. शिरूर आणि दौंड, या दोन तालुक्यांत ते नाव दुसऱ्या कुणाचं नसावं.
याला कारण मी स्वतः. न्हावऱ्यात आम्ही नवनाथ एकोणीस. त्यातले सात आमच्याच डेअरीला दूध घालतात. मी तिथं मशिनवर दुधाची फॅट काढतो, म्हणून लोकांच्या मोबाइलात मी 'नवनाथ फॅट'. सासऱ्यांच्यासुद्धा. दोन वर्षांपूर्वी डेअरीच्या सभेत उत्कृष्ट केंद्रचालक म्हणून माझं नाव पुकारलं, तर मागच्या रांगेतला नवनाथ ट्रॅक्टर उठून स्टेजवर गेला आणि शाल घेऊन खाली आला. टाळ्याही वाजल्या. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, तो तसाच बसलो. आता थंडीत तीच शाल पांघरून तो दूध घालायला येतो आणि मी त्याच्या दुधाची फॅट काढतो.
त्या दिवशी घरी येऊन जेवलो नव्हतो. माझ्या लेकराच्या वाट्याला हे येऊ देणार नाही.
आबांना विचारलं, माझं नाव ठेवताना जरा चौकशी करायची नाही का? आबा म्हणाले, केली व्हती की. तवा गावात चारच नवनाथ व्हते.

५ नोव्हेंबर, बुधवार
नाव सापडलं. मुलगी झाली तर तेजोमयी. मुलगा झाला तर प्रद्योत. गोठ्यात जाऊन दोन्ही नावं मोठ्यानं म्हणून पाहिली. तेजोमयीला म्हशीनं मान वर केली.
पण नुसत्या अंदाजावर जाणं बरोबर नाही. पुरावा पाहिजे. उद्यापासून सर्व्हे. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव आपणहून कॅन घेऊन माझ्यासमोर रांगेत उभं राहतं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या बापाला आहे?

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ८.४५
पहिला राउंड. ५८ जणांना विचारलं, तेजोमयी हे नाव कुठं ऐकलंय का? ५८ जण नाही म्हणाले. प्रद्योतबद्दल कुणी उत्साह दाखवला नाही. एकानं ते गोळीचं नाव आहे का विचारलं.
ज्ञानूतात्यांनी तेजोमयी तीनदा म्हणायला लावलं आणि दुधाच्या स्लिपच्या मागं लिहून घेतलं. त्यांच्या सुनेला नुकतीच मुलगी झालीय, तरी म्हातारा माझ्या कामात इतका रस घेतो. धुरपदाकाकू म्हणाली, लई ग्वाड नाव हाय रं, कुनाचं हाय? म्हटलं, कुणाचंच नाही. तिला फार आनंद झाला. माणसं मनानं चांगली आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार
एकूण सॅम्पल १५१. पॉप्युलॅरिटी शून्य. शंका राहू नये म्हणून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाव टाकलं, २१२ मेंबर. 'ऐकलंय' शून्य. बदाम एकोणतीस. बदाम कशाला, ते कळलं नाही.
मोनालीचा फोन. येताय कवा? म्हटलं, डेटा जमा करतोय, या रविवारी जमत नाही. तिनं विचारलं, सुषमाताईंशी बोललात का. सुषमा माझी धाकटी बहीण, दौंडला असते. बारशाला आत्या या नात्यानं बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. पण त्यात बोलायचं काय? नाव ठरलं की तिला चिठ्ठी द्यायची. तिला फक्त वाचायचंय.
मोनाली म्हणाली, आन् मी? म्हटलं, तू आराम कर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ज्ञानूतात्यांकडं नातीचं बारसं. पाळण्यामागं फ्लेक्स. त्यावर सोनेरी अक्षरांत: तेजोमयी.
जिलेबी दोनच खाल्ल्या. तात्यांनी सगळ्यांदेखत मिठी मारली. म्हणाले, तुझ्यामुळं घावलं बग. दोनशे मानसांना इचारून खात्री केलेलं नाव हाय आमचं.
शांतपणे विचार केला. एक म्हणजे अपवाद. शिवाय ती वरच्या आळीला, आम्ही खालच्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
धुरपदाकाकूनं पेढे आणले. वरवंडला दिलेल्या लेकीच्या मुलीचं नाव ठेवलं. काय ठेवलं ते विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. म्हणजे दौंड तालुकाही गेला.
पेढा बरा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दूध घालणाऱ्या सम्राटनं कालवडीच्या विम्याचा फॉर्म डेअरीचा शिक्का मारायला आणला. जनावराचं नाव या रकान्यात: तेजोमयी. म्हटलं, अरे, जनावराला? तो म्हणाला, आवं, कुनाचंच नाव न्हाई म्हंजी कागदात घोळ व्हनार न्हाई. तत्त्व म्हणून त्याचं बरोबर होतं. शिक्का मारला.
एकंदरीत माझ्या निवडीचा दर्जा सिद्ध झाला आहे. कमी पडली ती गुप्तता. माहिती फुटते कुठून, त्याचा शोध घेतला पाहिजे. ग्रुपवरच्या कुणाचं तरी काम असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नवी पद्धत. आता लोकांना पाच नावं विचारायची: शर्वाणी, हेमांगी, ओजस्विनी, मृण्मयी, अवनिका. खरं त्यातलं एकच. बाकी चार दिशाभूल. खरं कुठलं ते या वहीतही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर?
सुषमाचा फोन दोनदा येऊन गेला. दूध मोजायच्या वेळी आला. नंतर करतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
पाचही नावं लोकांना पसंत. चौकात दोघी अवनिकावरून भांडत होत्या म्हणे.
खरं नाव कुठलं होतं ते सकाळपासून आठवेना. हेमांगी असावं. किंवा शर्वाणी. गुप्तता मात्र शंभर टक्के पाळली गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७, केडगाव
मुलगी झाली. दोघी सुखरूप.
पहाटे फोन आला, की मोनालीला दवाखान्यात नेलंय. दूध आबांवर टाकून मोटारसायकलीनं चौफुलामार्गे तासाभरात पोचलो. कळा सकाळपासूनच सुरू. बाप्यांना आत सोडत नव्हते. मग नुसतं बसून राहण्यापेक्षा म्हटलं, केडगावचं सॅम्पल आपल्याकडं नाहीच. बाकावर चार बाप होते, त्यांना विचारलं. समोरच्या चहाच्या टपरीवर अकरा जण. तिथून स्टेशनच्या रस्त्यानं मेडिकलवाल्यापर्यंत गेलो. तो बायकोच्या माहेरची नावं सांगत बसला.
मुलगी झाली ३.४० ला. मी दवाखान्यात परतलो ४.२५ ला. तांत्रिकदृष्ट्या मी गावातच होतो.
दारात दवाखान्यातल्या आया, मंगलमावशी, बाळाला घेऊन उभ्या. वयानं साठीच्या, हातात हिरव्या बांगड्या. म्हणाल्या, बाप कुठं गेल्ता? म्हटलं, नावाचं बघत होतो. त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. एवढंसं तोंड. नाक आमच्या आईसारखं. वही खिशात होती, ती खाली पडली, आणि हात मोकळा नसल्यामुळं कितीतरी वेळ तशीच पडून राहिली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
मोनाली माझ्याशी कमी बोलते. अशक्तपणा असणार. सासूबाई म्हणाल्या, सोमवारचे नऊ तास त्या मंगलमावशींनी पोरीचा हात सोडला न्हाई. ड्युटी संपली तरी घरी गेल्या न्हाईत. डबासुद्धा एका हातानं खाल्ला.
त्यांना साडी घ्यावी. आठवणीनं.

३ डिसेंबर, बुधवार
अंतिम नाव ठरलं. या वेळी कुणालाही विचारलं नाही. आबांना नाही, मोनालीला नाही, सुषमाला नाही. चिठ्ठी चार घड्या करून पाकिटात ठेवली आहे. परवा बारशाला ऐन वेळी सुषमाच्या हातात. कुणाला चोरायला सवडच मिळणार नाही. निर्दोष प्लॅन.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४, केडगाव
बारसं झालं.
पाळण्याभोवती बायकांची गर्दी. त्यातून वाट काढत सुषमाला चिठ्ठी दिली. तिनं न उघडता पर्समध्ये टाकली. मग पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाला तोंड लावलं, कुर्रर्र झालं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि ती सरळ होऊन मोठ्यानं म्हणाली: मंगल.
मला वाटलं, चिठ्ठी वाचायची राहिली. तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, दादा, तू डेअरीवाल्यांना इचारलंस, चहावाल्याला इचारलंस. बाळाच्या आईला न्हाई, आत्याला न्हाई. मी किती फोन केले? वैनीनं मला धा दिवसांमागंच सांगितलं, हेच ठेवायचं.
न्हावऱ्याच्या डेअरीत मंगल नऊ आहेत. हा आकडा मला पाठ आहे. तो घेऊन मोनालीकडं गेलो. ती बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, किती जनींचं नाव हाय ते मला नगं. जी व्हती तवा तिथं, तिचं ठेवलं. हाक मारायला तुम्ही घरी असाल का, तेवढं सांगा.
मला लाज वाटली. वहीत लिहितानाही वाटतेय. आकडा सांगितला नाही.
नंतर शांतपणे विचार केला. हल्ली लहान मुलींचं मंगल नाव कुणीच ठेवत नाही. पाच वर्षांखालच्या गटात पॉप्युलॅरिटी शून्य. म्हणजे धोरण माझंच राहिलं.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी १०, न्हावरे
सकाळच्या रांगेत सगळ्यांनी विचारलं, काय ठेवलं? मंगल म्हटलं. धुरपदाकाकू म्हणाली, बरं हाय. कुणी लिहून घेतलं नाही.
दूध आटोपल्यावर केडगावला फोन लावला. बाळाची अंघोळ चालू होती. मोनालीला म्हटलं, फोन तिच्या कानाशी धर, मला हाक मारायचीय. तिनं स्पीकर लावला. मी घसा साफ केला आणि लेकीला आयुष्यातली पहिली हाक मारली. मंगल!
आवं व्हय, बोला की, असा मोठा आवाज आला. मंगलमावशी. बाळाला न्हाऊ घालायला आता त्याच येतात. म्हटलं, तुम्हाला नाही मावशी, धाकटीला. तिकडं सगळ्या इतक्या हसल्या की पाण्याचा आवाज ऐकू येईना.
हसणं संपेपर्यंत थांबलो आणि परत हाक मारली. या वेळी बाळ रडलं. मोनाली म्हणाली, तिला भूक लागलीय. मोनालीला काय कळतंय. तिनं ओ दिली.