अप्पांच्या आवाजाची दुसरी प्रत

कुंभकोणम,
४ नोव्हेंबर २०२४

चि. रघू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे कुरकुरतात तेवढंच. हे पत्र तुमच्या पुण्याच्या मराठीत लिहितेय, चुका काढत बसू नको.

तू पाठवलेल्या दोन्ही डिस्क आणि त्यांचा डबा पोहोचला. अप्पांच्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. तू फोनवर म्हणालास, दोन्ही डिस्क रेडमध्ये जोड, म्हणजे एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटेल. एक बिघडली तरी दुसरी आहेच. मी बराच विचार केला. पण माझ्या हातून चुकून एखादं भजन पुसलं, तर तेही दोन्हीकडून पुसलं जाणार ना? आणि परवा शेजारी वीज पडली, टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं जळालं. मग दोन्ही डिस्क एकाच डब्यात ठेवून काय उपयोग?

काल अप्पांनी गोविंदपुरमच्या देवळात गायलेलं भजन ऐकलं. घरी रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की अप्पा पंखा बंद करायला लावायचे, आठवतं? आपण नुसते घामाघूम! एका कॅसेटमध्ये अभंग अर्ध्यावर सोडून ते तुला विचारतात, "रघू, कोठें होतास रे? जेवण जाहलें कीं नाहीं?" आणि तू बिनदिक्कत थाप मारतोस, तीही आपल्या पूर्वजांनी इथे तमिळ मुलखात आणलेल्या जुन्या मराठीत. पुन्हापुन्हा ऐकलं. हसले, मग रडले.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. ते पुण्याला आले होते तेव्हा मित्रांसमोर तू त्यांना म्हणालास, "अप्पा, जरा गप्प बसा, लोक हसतात." ते तुझ्यावर रागावले नाहीत. पण परतल्यावर माझ्याशीही तमिळच बोलू लागले. मी मराठीत विचारायची, ते तमिळमध्ये उत्तर द्यायचे. शेवटपर्यंत असंच. त्यांची मराठी आता या रेकॉर्डिंगमध्येच उरलीय.

म्हणून ठरवलं, रेड नको. एक डिस्क इथे, एक तुझ्या घरी. तुझ्या चैत्राला ऐकव. आजोबांचं बोलणं ऐकून लेक हसली तर हसू दे, तू आवाज कमी करू नको.

कुरियरनं मात्र पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. आणि आलास की पुण्याचं नको, आपलं बोल. माझ्याशी आपल्या मराठीत बोलणारं माणूस आता तू एकटाच उरला आहेस.

वाट पाहणारी,
तुझी अक्का,
श्रीविद्या