हेल्विखचा चेहरा

गेंट, १२ जानेवारी १४६३
ती. आलेइदिसआत्याच्या सेवेशी, सा. न. वि. वि.

सोबतचं प्रार्थनापुस्तक माझ्या यजमानांच्या पहिल्या बायकोचं, कै. हेल्विखचं. त्यातल्या चित्रात मेरीमातेपुढे गुडघे टेकलेली बाई ती तीच. तिचा चेहरा खरवडून तिथे माझा काढावा, अशी योरिसची इच्छा आहे. ब्रूजमध्ये तुझ्याइतकी नाजूक चित्रं कोणी काढत नाही, हे मीच सांगून बसले. आता भोगते आहे. पुढच्या दिनदर्शिकेच्या पानांवर तिने केलेल्या गिरगोट्याही खरवडून टाकायच्या आहेत. हेल्विखला वाचता येत नव्हतं, नुसती चित्रं बघायची, असं योरिस म्हणतात. सासूबाईंच्या मते बाईने चित्रंच बघावीत, अक्षरांनी दूध आटतं. म्हणून तू शिकवलेलं लॅटिन मी पोटातच ठेवलंय. तिथे आता आणखीही कोणी आहे, चौथा महिना.

ईस्टरला पाहुणे येतील, त्याआधी पुस्तक हवं. नाक जमेल तेवढं लहान काढ.

तुझी लाडकी (असं मी समजते),
माख्तेल्ड

ब्रूज, २ फेब्रुवारी
चि. माख्तेल्ड हिस अनेक आशीर्वाद.

गिरगोट्या वाचल्या. चार मुलांचे जन्मदिवस आहेत, आणि चौघांच्याही नावाने पुढे कुठेतरी मृत्यूचा क्रूस. बाळंतिणींची राखण करणाऱ्या संत मार्गरेटच्या चित्राला तर चेहराच उरलेला नाही, इतके ओठ टेकलेत. शेजारची प्रार्थना अंगठ्याने काळी झालीय. दोन जागी हेल्विखने लेखनिकाचं लॅटिनही सुधारलंय. वाचता न येणाऱ्या बाईला हे बरं जमलं.

सुरी घेऊन दोनदा बसले, दोनदा उठले. मी नाही म्हटलं तर योरिस दुसऱ्याकडे देतील आणि तो काही विचारणार नाही. तू सांगशील तसं करते. जिने चढू नकोस.

तुझी काळजी करणारी,
आत्या

गेंट, १९ फेब्रुवारी
ती. आत्यास सा. न. वि. वि.

आमच्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीला विचारलं. हेल्विख स्वयंपाकघरातल्या बायकांना रोज वाचून दाखवायची, म्हणाली. पाचव्या बाळंतपणात गेली. पुस्तक उघडंच छातीवर होतं. योरिस तेव्हा कापडाच्या जत्रेला गेले होते.

मला भीती वाटते, आत्या. तिच्या चेहऱ्याला हात लावू नकोस. समोरच्या पानावरच्या चित्रात योरिस स्वतः गुडघे टेकून आहेत. पाहुण्यांना ते पुस्तकाच्या चांदीच्या कड्या दाखवतात. पान उलटताना मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचं काय करता येईल ते बघ.

मायेची भुकेली,
माख्तेल्ड

ब्रूज, २० मार्च
चि. माख्तेल्ड हिस अनेक आशीर्वाद.

योरिसची दाढी अर्ध्या दिवसात निघाली. हनुवटी आता तुझी. लाल झगा तसाच ठेवलाय, तुला शोभतो. नाक आपल्या घराण्याचंच आहे; खोटं मला जमत नाही. दिनदर्शिकेला हात लावलेला नाही. बोभाटा झाला तर म्हातारीची नजर अधू झालीय म्हणून सांग. माझं काम बंद पडेल, तुझं घर राहील.

नेहमी तुझीच,
आत्या

गेंट, ८ जुलै
ती. आत्यास सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी जिवंत आहोत.

ईस्टरला आमच्या पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं. दोन बायका बघून योरिस पुढे झुकले. पाद्रीबाबा म्हणाले, स्वतःला वगळून दोन्ही पत्नींना मान देणारा इतका नम्र नवरा त्यांनी पाहिला नव्हता. योरिसनी नम्रपणे मान खाली घातली. तेव्हापासून आपल्या नम्रतेविषयी ते गावभर सांगत असतात.

बाळंतपण दोन दिवस चाललं. सुईणीने हात टेकले तेव्हा पुस्तक मागून मी मार्गरेटची प्रार्थना मोठ्याने वाचली, सगळी, लॅटिनमध्ये. सासूबाई उशाशी होत्या. दूध भरपूर आहे.

आता त्या रोज जेवणानंतर नातीला घ्यायला म्हणून येतात, दार लावून घेतात आणि पुस्तकावर बोट ठेवून हे अक्षर कोणतं ते विचारतात. अर्धी मुळाक्षरं झाली. योरिसला कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलंय.

तुझ्या आशीर्वादाच्या आधाराने,
माख्तेल्ड