उभी असताना तापणारी गाडी

बाबा, नळ जायच्या आत पिंप भरून झालं होतं, तुमचे कामाचे कपडे दोरीवर घातले होते आणि मी पोळ्या लाटत होते. आई आजारी, म्हणून त्या रविवारी स्वयंपाक माझ्याकडे होता. क्वार्टरच्या दारात शेजारच्या साहेबांची गाडी उभी, तापते म्हणून तुम्हाला दाखवायला आणलेली. तुम्ही सरकारी मोटार वर्कशॉपचे फोरमन, अख्खी कॉलनी तुमच्याकडेच यायची. तुम्ही दादाला समोर उभं करून विचारताय, "बॉनेट उघडायच्या आधी काय विचारायचं?" दादा बॉनेटकडे हात नेतो. मग तुम्हीच सांगता, "कधी तापते ते. उभी असताना की पळताना? पळताना तापली तर पाणी बघ, पंप बघ. उभी असताना तापली तर हवा बघ. साहेब म्हणतात सिग्नलला तापते. मग?" दादा रेडिएटरचं झाकण चाचपतो. मी खिडकीतून ओरडले, "पंखा!" तुम्ही मान वळवलीत. "पोळी करपतेय, ती बघ आधी." दादा खो खो हसला. पंख्याचाच पट्टा ढिला निघाला. तुम्ही तो घट्ट केलात, आत आलात, मी तुमच्या हातांवर पाणी घातलं. तुम्ही हात पुसलेत आणि दादाला जेवायला हाक मारलीत.

खंडेनवमीला मात्र माझी आठवण व्हायची. तुमच्या हत्यारांच्या पेटीतले सगळे पाने आदल्या दिवशी रॉकेलमध्ये धुवायचे, पुसून पाटावर मापाने लावायचे, झेंडू वाहायचा, हे माझं काम. पूजा उतरली की पेटी दादाकडे. एकदा पुसता पुसता मी एक पाना सायकलच्या नटाला लावून बघितला. तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "सासरी कोण गाडी खोलायला देणार आहे तुला?"

दिली हो. ह्यांनी दिली. ह्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. दिल्लीत दर्यागंजच्या फुटपाथवरून गाड्यांवरची जुनी पुस्तकं आणायचे. इंग्रजी अडलं की डिक्शनरी घेऊन बसायचे मी. ऑइल, प्लग, बॅटरी, आमच्या गाडीचं सगळं मीच बघायचे. हे शेजारी उभे राहून टॉर्च धरायचे.

हे गेल्यावर गाडी मुलगा चालवायला लागला. गाझियाबादच्या या घरातून रोज नोकरीला जातो तो. त्याला वेग हवा होता. फरीदाबादच्या एका वर्कशॉपमध्ये त्याने इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो लावून घेतला, रेडिएटरच्या पुढे आणखी एक कूलर बसवला, कंप्युटरमधली सेटिंगं बदलली. जागा पुरेना म्हणून कंपनीचा जाड पंखा काढून पातळ पंखा टाकला. "आई, पिकअप बघ यार!" म्हणत मला एक चक्कर मारून आणली. आठवडाभरात गाडी तापायला लागली. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं, रेडिएटर मोठा केला. शेवटी वर्कशॉपवाला म्हणाला, "हेड गॅस्केट गया है, इंजन खोलना पड़ेगा." मुलगा वैतागला. "बस्स, विकून टाकतो. उद्या एक जण बघायला येतोय."

मी विचारलं, "कधी तापते?"

"अच्छा, आता तू बघणार?"

"कधी तापते ते सांग."

"जॅममध्ये. हायवेला बिल्कुल ठीक असते."

मी खाली गेले. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून नेलं होतं. इंजिन गरम होऊ दिलं, पंखा सुरू झाला, तसं पान पुढच्या जाळीसमोर धरलं. जाळीने ते आत ओढून चिकटवून घ्यायला हवं होतं. ते उडून माझ्या तोंडावर आलं. पंखा उलटा फिरत होता. नवा पंखा बसवताना दोन तारांची अदलाबदल झाली होती. हायवेला वाऱ्याने भागायचं, जॅममध्ये इंजिनचीच गरम हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलली जायची. इंजिन बंद करून मी तारा बदलल्या. मग अर्धा तास गाडी उभ्या जागी चालू ठेवली. काटा निम्म्यावर गेला आणि तिथेच राहिला.

मुलाने मला मिठी मारली आणि म्हणाला, "आजोबांचं रक्त आहे तुझ्यात!" लगेच पुण्याला दादाला फोन लावला. दादाला आजही स्टेपनी बदलायला माणूस लागतो. तो स्पीकरवर म्हणतो, "अरे, बाबांनी आम्हाला सगळं शिकवलं होतं."

आम्हाला.

मी फोनजवळून उठून आत गेले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या हातांचं श्रेय तुम्हालाच. ज्यांनी टॉर्च धरला त्यांचं नाव कुणी काढलं नाही. तुम्ही काय शिकवलंत मला? पाने धुवायला. बाकीचं मी पोळपाटावरून ऐकलं, आणि ऐकते म्हणूनही बोलणी खाल्ली. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "चलो, आता किंमतही चांगली येईल."

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तुमच्याबद्दल कुणी वाईट ऐकून घेत नाही, आणि मला वाद घालायचा नाही. मुलाला सांगितलं की त्याच्या बाबांची आठवण आहे, विकू नकोस. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. ती गाडी मला मी माझ्या हाताने बदललेल्या त्या दोन तारांसाठी हवी होती. आणि पान तोंडावर आलं तेव्हा आधी तुम्हालाच हाक मारावीशी वाटली, ह्यांना नाही. याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. मी त्याला चहा दिला आणि गाडी माझ्या नावावर आहे, विकायची नाही, असं सांगून परत पाठवलं.