कुरण, कोळंबी आणि सात फेब्रुवारी

मनामा, बहरीन
१२ जानेवारी २०२६

ती. बाय हिस,
जेफ्रीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन हरवला नाही, हॉटेलने जमा करून घेतला आहे. आफ्रिकेतले दोन शेजारी देश सीमेचा तंटा मिटवायला आमच्याकडे येऊन बसले आहेत. त्यांची नावं कुठे सांगायची नाहीत, म्हणून आम्हा सगळ्या बँक्वेटच्या वेटरांच्या सह्या घेतल्या. बोलणी संपेपर्यंत राहणंही इथेच. लाँड्रीचे मॅनेजर अर्शदभाई मात्र घरी जातात. रत्नागिरीचे आहेत, उम्म अल हस्समला माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात. ते या कागदाचा फोटो काढून तुला पाठवतील.

तंटा असा, की नकाशावर नदी ही सीमा. पण नदीने पात्र बदललं आणि मधलं कुरण या काठाचं त्या काठाला गेलं. एक देश म्हणतो, नदी जाईल तिथे सीमा. दुसरा म्हणतो, नदी होती तिथे सीमा. दोन्हीकडे सैन्य उभं आहे आणि वर्षभर सीमेवरचा नाका बंद.

एकीकडचे प्रमुख पांढऱ्या झग्यातले धिप्पाड आजोबा, दुसरीकडच्या एक सडसडीत मॅडम. एका खोलीत जेवत नाहीत, म्हणून दोन डायनिंग रूम आणि दोन बुफे. काल आजोबांचा माणूस तक्रार घेऊन आला, की पलीकडची कोळंबी मोठी आहे. शेफने दोन्हीकडची कोळंबी एका ताटात शेजारी शेजारी मांडून दाखवली, तेव्हा कुठे तो गेला.

आता खरी गोष्ट. त्यांच्या करारावर सही होईपर्यंत कुणालाच लीव्ह नाही. माझं लग्न सात फेब्रुवारीला, आणि ही माणसं अजून खुर्च्यांच्या उंचीवर भांडताहेत. रिचेलला एवढ्यात सांगू नकोस. आईला तर नकोच नको.

सगळ्यांना नमस्कार सांग. तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा भाऊ,
जेफ्री

नाळे, वसई
१९ जानेवारी २०२६

चि. जेफ्री यास,
बेनिटाचे अनेक आशीर्वाद.

आईला मी सांगितलं नाही. मी वाचत होते तेव्हा ती माझ्या मागे उभी होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या नाळ्याला नदीचं पात्र समजलं. काल मिस्सामध्ये फादरनी नावं न सांगता येणाऱ्या दोन देशांसाठी प्रार्थना घेतली. आईने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केला आहे. कुरण कुणालाही मिळो, पण लवकर मिळो, असं ती मागते.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही. तुझे होणारे सासरे, ऑगस्टीनकाका, परवा येऊन गेले. गेल्या वर्षी व्हिसाच्या भानगडीत तू तारीख पुढे ढकललीस, ती त्यांनी गिळली. आता नदी, कुरण आणि कोळंबी ऐकून ते म्हणाले, की मुलाला लग्न करायचं नसेल तर त्याने सरळ सांगावं, आफ्रिकेला मध्ये आणू नये. अठराला राखेचा बुधवार, मग ईस्टरपर्यंत लग्न लागत नाही. सात तारीख चुकली तर तिसरी तारीख मिळणार नाही, असं ते चहा न घेता सांगून गेले.

रिचेल नंतर एकटी आली. तिचा तुझ्यावर विश्वास आहे. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, की टेलर विचारतोय, गाऊनला शेवटचे मोती लावू की राहू दे? उत्तर तूच दे.

अर्शदभाई, हे आधी तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. त्याला वेळेवर जेवायला लावा.

आठवण काढणारी,
बेनिटा

मनामा
२७ जानेवारी २०२६

ती. बाय हिस,
सा. न. वि. वि.

रिचेलला सांग, मोती लावून घे. सही झाली.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलणी मोडली होती. बॅगा लॉबीत आल्या. हॉटेलचे जीएम म्हणाले, ती कधीही परत येतील, सही होईपर्यंत लीव्ह नाहीच. उद्याचं विमान, म्हणजे आजचं जेवण शेवटचं. तेव्हा मी आणि अर्शदभाईंनी लाँड्रीतून बादल्या आणल्या आणि एका डायनिंग रूमच्या कार्पेटवर ओतल्या. मग मी दोन्हीकडे जाऊन सांगितलं, की पाइप फुटला, खोली एकच आहे आणि टेबलही एकच.

दोघं दोन टोकांना बसली.  मी सूप वाढत होतो, तर मॅडमनी विचारलं, की सूप बशीबाहेर सांडतंय, झालं काय तुला? काही नाही म्हणणार होतो, पण सगळंच तोंडातून निघालं. तारीख, रिचेल, सासरे, मोती. 

आजोबांनी विचारलं, मुलगी कुठली? शेजारच्या गावची, म्हटलं. ते सावकाश म्हणाले, की त्यांच्याकडेही सोयरीक नेहमी पलीकडच्या काठावरच होते. त्यांच्या नातीचं लग्न ठरून वर्ष झालं. नवरा नाक्याच्या त्या बाजूला, ही या बाजूला. मॅडमनी चमचा खाली ठेवला आणि गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते गाव मॅडमच्याच मतदारसंघातलं निघालं, आणि नवऱ्याच्या आईला त्या चांगलं ओळखत होत्या. बाई तोंडाने जरा फटकळ आहे, मुलीला आधीच सांगून ठेवा, असं म्हणत मॅडम खुर्ची ओढून आजोबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

त्या रात्री नकाशा कुणी उघडला नाही. सकाळी बॅगा परत वर गेल्या. माझ्या सुपाने देश जोडले असं गावात सांगू नकोस, नकाशावाली माणसं त्यानंतरही खूप राबली. ठरलं असं, की सीमा जुन्या पात्रावर, पण कुरण आणि पाणी दोन्हीकडच्या गुरांना, आणि नाका उघडायचा.

जीएमनी कार्पेट हुंगून विचारलं, की फुटलेल्या पाइपातून डिटर्जंट कसा आला. एका हाताने वॉर्निंग दिली, दुसऱ्याने लीव्ह. मी पाच तारखेला येतो.

भेटीची ओढ असलेला,
जेफ्री

नाळे, वसई
९ फेब्रुवारी २०२६

रा. रा. अर्शदभाई यांस,
बेनिटाचा स. न. वि. वि.

लग्न छान झालं. तुम्ही आमची सगळी पत्रं वाचलीत, तेव्हा शेवट कळवणं भागच आहे.

रिसेप्शनला बँड रंगात आला होता, तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर बातमी लावली. नाका उघडला होता. आधी गुरं सुटली, त्यांच्यामागून ढोल वाजवत माणसं आली. आईने ओळख ना पाळख, गुरांनाही हात जोडले. देशांची नावं आता जगाला कळली आहेत, पण जेफ्रीच्या सहीचा मान ठेवून मी लिहीत नाही.

ऑगस्टीनकाकांनी तो व्हिडिओ परत परत पाहिला. आपल्याला पहिल्यापासून खात्री होती, असं ते प्रत्येक टेबलावर जाऊन सांगत होते. मग टोस्टची, म्हणजे नवरा-नवरीला शुभेच्छा देऊन ग्लास उचलायची, वेळ झाली. टोस्ट दुसऱ्याचा होता, त्यांनी मागून घेतला. डोळे पुसत त्यांनी नदी सांगितली, कुरण सांगितलं, नांदा सौख्यभरे म्हणून दोन्ही देशांना आशीर्वाद दिला, ग्लास रिकामा केला आणि खाली बसले. नवरा-नवरी ग्लास उचलून उभीच.

 जेफ्रीचे कान लाल झाले. मग रिचेलने माईक घेतला आणि दोन्ही देशांच्या वतीने आभार मानले.

घर आपलंच समजा, येणं करा.
तुमची बहीण,
बेनिटा