मिठाच्या हौदातले दार

मी, झुम्रा देलालिच, वय चौसष्ट, व्यवसायाने शिल्पकार, राहणार तुझ्ला गाव, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण नको तितके शाबूत आहे. मूत्रपिंडे मात्र दोन्ही निकामी झाली आहेत. जन्मभर मिठात हात घालून बसलेल्या बाईचे मीठ डॉक्टरांनी बंद केले, यावर माझे हसून झाले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि त्यामागील कार्यशाळा माझा धाकटा भाऊ हाझिम यास द्यावी. तो ती विकणार आहे; खुशाल विकावी. घेणाऱ्याला एवढे मात्र सांगावे की या भिंतींत मीठ मुरले आहे. कितीही रंग दिला तरी पोपडे निघणारच.

२. मिठाच्या पाण्यात टांगून स्फटिक चढवलेली माझी लोकरीची वस्त्रे बेसिम यांच्या कलादालनात होती. ‘होती’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते. दमट हवेपासून वाचावीत म्हणून बेसिम यांनी मला न विचारता त्यांवर व्हार्निश फिरवले. ओल आत कोंडली आणि उन्हाळ्यात सगळ्याचा चिखल झाला.

“झुम्राताई, मी चांगल्यासाठीच केलं हो,” असे ते म्हणाले.

“बेसिम, मिठाला वाचवायचं नसतं. त्याला श्वास घेऊ द्यायचा असतो.”

“मग तुम्ही संगमरवर का नाही धरलात? आम्हालाही झोप लागली असती!”

तो चिखल त्यांनी ठेवून घ्यावा. या कागदावर साक्षीदार म्हणून सही करताना त्यांना हे कलम वाचावे लागेल, याचे मला थोडे समाधान आहे.

३. मीठ सुकताना तडतडते. त्या आवाजाची ध्वनिमुद्रणे, तसेच स्फटिक विरघळतानाची चित्रफीत, ग्रंथालयाने जागेअभावी नाकारली. कोणी मागितली नाहीत, तर ती पुसून टाकावीत. कोणी मागेल असे मला वाटत नाही.

४. तांब्याच्या तारा, वस्तू टांगायचे आकडे, विणकामाचा माग आणि पाण्याचा खारेपणा मोजण्याची काचेची नळी माझी जुनी शिष्या मेरिमा हिला द्यावी. ती आता परदेशात, ग्रात्स शहरी दुकानांच्या काचा सजवते. कार्यशाळेतला मिठाच्या पाण्याचा हौद पुढे चालवशील का, असे मी तिला फोनवर विचारले.

“मावशी, पाणी घालत राहायचं, थर चढत राहायचा. पण बघायला येणार कोण?”

“तू येशील.”

“मी तर पाणी घालणारी झाले. बघणारी कुठली?”

तिचे चुकले असे मला म्हणता आले नाही. नळी जपून पाठवावी; अशी आता मिळत नाही.

५. राहता राहिले हौदातले दार.

आमचे वडील खारे पाणी उपसण्याच्या पंपावर कामाला होते. गावाखालचे मीठ त्या पाण्यातून वर येत राहिले आणि गाव खाली बसत गेले. त्यात आमचे जुने घरही होते. चौकट दर वर्षी थोडी कलायची, दार अडायचे. मग बाबा वसंतात ते उतरवून अंगणात रंधा मारत बसायचे. आई म्हणायची, “दिवसा घर बुडवता, सुट्टीला दार तासता. शाबास!” बाबा हसायचे आणि रंधा चालू ठेवायचे. घर पाडले तेव्हा दाराचा एकही कोन काटकोन उरला नव्हता. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही चौकटीत ते बसणार नाही.

वाटणीत ते माझ्याकडे आले. तीन वर्षांपूर्वी मी ते हौदात टांगले. माझ्या साऱ्या कामाचा अर्थ या एका वस्तूत होता असे मला वाटते. थर अजून कच्चा आहे. आता बाहेर काढले तर तो गळून पडेल. ठेवले, तर हौद सांभाळायला कोणी नाही.

मागच्या बायरामला, म्हणजे ईदला, हाझिम कार्यशाळेत आला आणि कॉफी हातात धरून बराच वेळ हौदाकडे पाहत राहिला.

“हे बाबांचं दार आहे, ताई. तुझं शिल्प नाही. मी ते धुणार आणि माझ्या घरी भिंतीला टेकवून ठेवणार.”

“मीठ लाकडाच्या पोटात गेलंय, हाझिम. धुतलंस तरी दर हिवाळ्यात थोडं थोडं बाहेर येईल आणि लाकूड कापसासारखं पिंजून काढेल.”

“म्हणजे धुतलं तरी जाणार, नाही धुतलं तरी जाणार?”

“हो.”

“मग माझ्याशी बोलतेस कशाला?”

त्याने कॉफी तशीच ठेवली आणि तो निघून गेला.

या कलमापुढे मी जागा कोरी सोडली होती. हाझिमने ठरवावे अशी माझी इच्छा होती. कोरी जागा कायद्याला चालत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून लिहिते. दार हाझिमला द्यावे. त्याने हौद फोडावा, थर खरवडून टाकावा आणि दार गोड्या पाण्याने धुवावे. माझे शिल्प तिथेच संपेल. त्यानंतर लाकूड जितके हिवाळे टिकेल, तितके हिवाळे ते फक्त बाबांचे दार असेल. ते पिंजू लागले की त्याने मला शिव्या द्याव्यात. मला ऐकू येणार नाहीत, हे ध्यानात ठेवून द्याव्यात.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे.

झुम्रा देलालिच (सही)

साक्षीदार:
१. बेसिम होजिच (सही, कलम दोन वाचले)
२. अझेमिना तुर्सुनोविच, शेजारीण (सही)

स्थळ: तुझ्ला
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३